बंदा रुपया आणि खुर्दा

माणूस गेल्यानंतर भरणाऱ्या शोकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येते : 'त्यांनी आयुष्यात पैसा जोडला नाही, माणसे जोडली.' वाक्य गुळगुळीत झालेले असले तरी बहुधा खोटे नसते. पण मराठीने पैसा आणि माणसे या दोहोंसाठी एकच क्रियापद वापरावे, हे विचार करण्यासारखे आहे. पै-पै करून पैसा जोडायचा, तसे एकेक करून माणूस जोडायचे. शोकसभेतल्या त्या वाक्यात या दोन जोडण्यांमध्ये विरोध गृहीत धरलेला असतो. एक केले म्हणून दुसरे राहिले, असा त्याचा सूर असतो. गेल्या काही दशकांत हा विरोधच नाहीसा झाला आहे. आता तरुण मुलांना सांगितले जाते की, माणसे जोडा, म्हणजे पैसा आपोआप जोडला जाईल. पूर्वी जे एखाद्याच्या स्वभावाचे लेणे मानले जाई, ते आता कौशल्य झाले. कौशल्य म्हटले की ते शिकवता येते, शिकवता येते म्हटले की त्याचा वर्ग निघतो आणि वर्ग निघाला की त्याची फी ठरते.

या वर्गांची थट्टा करणे सोपे आहे, पण ज्यांच्यासाठी ते निघतात त्यांची अडचण थट्टेची नाही. खानापूर किंवा चंदगड तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातला मुलगा मराठी शाळेत शिकतो, बेळगावात येऊन पदवी घेतो आणि नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळूरला मुलाखत देतो. विषय त्याला येत असतो. तरीही तो परत येतो तेव्हा सांगतो की, 'संवादकौशल्य कमी पडले.' म्हणजे नेमके काय कमी पडले, हे त्याला कोणी सांगत नाही. मग घरात दोन मते पडतात. वडीलधारे म्हणतात, 'हे सगळे तोंडदेखले गोड बोलण्याचे धंदे आहेत. आपल्याला ते नको.' आणि शेजारचा व्यवहारी माणूस म्हणतो, 'जगाची रीतच तशी आहे. हसून बोलायला शिक, पुढे जाशील.' एकाच्या मते ही कला म्हणजे ढोंग, दुसऱ्याच्या मते ती शिडी. मुलाने कोणाचे ऐकावे? प्रश्न वाटतो तितका घरगुती नाही. स्वतःच्या फायद्यासाठी शिकलेले सौजन्य हे सौजन्य असते काय, असा तो मुळातला नीतिशास्त्राचा प्रश्न आहे.

या विषयावरचे जगातले सर्वांत प्रसिद्ध पुस्तक डेल कार्नेगी यांचे. मित्र कसे जोडावेत आणि लोकांवर छाप कशी पाडावी, हे सांगणारे ते पुस्तक १९३६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. कार्नेगी मिसुरी राज्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी भाषणकलेचे वर्ग सुरू केले आणि त्या अनुभवातून हे पुस्तक आकाराला आले. अमेरिका तेव्हा महामंदीतून सावरत होती. नोकरी टिकवणे हाच पराक्रम होता. लोकांना आपण आवडावे यासाठी कार्नेगींनी सांगितलेले नियम साधे आहेत : दुसऱ्यात रस घ्या, हसतमुख राहा, माणसाचे नाव लक्षात ठेवा, ऐकून घ्या, त्याच्या आवडीच्या विषयावर बोला आणि आपण महत्त्वाचे आहोत असे त्याला वाटू द्या. यात आक्षेप घेण्याजोगे काहीच नाही. आपल्याकडच्या कोणत्याही शहाण्या आजीने नातवाला हेच सांगितले असते. मात्र कार्नेगी ठिकठिकाणी आणखी एक अट घालतात : हे सारे मनापासून करा, खोटी स्तुती करू नका.

अडचण नेमकी या अटीत आहे. फायदा व्हावा म्हणून दुसऱ्यात रस घ्यायचा, पण तो खरा असला पाहिजे. कारण खोटा असला तर लोक ओळखतात आणि मग फायदा होत नाही. म्हणजे प्रामाणिकपणासुद्धा फायद्याचे साधन म्हणूनच सांगितलेला! झोप यावी म्हणून झोपेचा विचार करणाऱ्याला जशी झोप येत नाही, तशीच ही गत. अमेरिकेतही हा पेच लोकांना जाणवला. १९८९ साली स्टीफन कोवी यांनी आपल्या गाजलेल्या पुस्तकात तक्रार केली, ती हीच की, यशाचा मार्ग सांगणारे साहित्य चारित्र्य सोडून व्यक्तिमत्त्वाच्या झिलईमागे लागले. परंतु त्यांच्याही पुस्तकाचा विषय शेवटी परिणामकारक होणे हाच होता.

हा पेच सोडवायचा तर एक उदाहरण घेऊ. एखादा माणूस आजारी आहे. त्याच्या ओळखीचा एकजण रोज संध्याकाळी त्याला भेटायला येतो, उशी सारखी करतो, दोन विनोद सांगतो. आजाऱ्याला बरे वाटते. पुढे महिन्याभराने त्याला कळते की, या गृहस्थाला आपल्या मुलाची शिफारस करून घ्यायची होती आणि त्यासाठी हा सारा खटाटोप होता. आता वास्तविक काय बिघडले? भेटी खऱ्या होत्या, उशी खरोखर सारखी झाली होती, विनोदही हसण्याजोगे होते. तरीही त्या आजाऱ्याला काहीतरी लुबाडले गेल्यासारखे वाटते, आणि ते वाटणे योग्य आहे. ज्या गोष्टी आपल्यासाठी होत आहेत असे त्याला वाटत होते, त्या त्याच्यामार्फत दुसऱ्याच कशासाठी तरी होत होत्या.

इमॅन्युएल कान्ट या जर्मन तत्त्ववेत्त्याने हीच गोष्ट १७८५ साली सिद्धान्तरूपाने मांडली. माणसाला, मग तो आपण स्वतः असो की दुसरा, केवळ साधन म्हणून वागवू नये; त्याला साध्य म्हणूनही मानावे, असे त्याचे सांगणे. त्याच ग्रंथात त्याने एका दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. हा दुकानदार लहान मुलालाही फसवत नाही, सर्वांना एकच भाव लावतो; पण तसे करण्यात धंद्याचे हित आहे म्हणून. त्याचे वागणे कर्तव्याला धरून आहे, पण कर्तव्यबुद्धीतून आलेले नाही; म्हणून त्याला नैतिक मोल नाही, असा कान्टचा निवाडा. हा निवाडा वाचून अनेकांना वाटते की, कान्टच्या मते सगळी बाजारपेठच पापी. तसे नाही. दुकानदाराने काही वाईट केले, असे तो म्हणत नाही. थोरपणाचे पदक त्याला देत नाही, इतकेच. आणि 'केवळ' हा शब्द विसरून चालत नाही. आपण दिवसभर एकमेकांचा उपयोग करूनच जगतो. बसमध्ये कंडक्टर आपल्याला तिकीट देतो, आपण त्याच्या पगाराला कारण होतो. यात कोणाचा अपमान नाही, कारण यात काही लपलेले नाही.

म्हणजे पहिली कसोटी आपल्या हाती लागते. ज्या हेतूने मी गोड वागतो आहे, तो हेतू समोरच्याला उघडपणे सांगता येईल काय? दुकानदाराला सांगता येतो. 'या, बसा, पाणी घ्या' असे तो म्हणतो तेव्हा आपण गिऱ्हाईक आहोत म्हणून म्हणतो, हे त्यालाही माहीत असते आणि आपल्यालाही. पाणी त्यामुळे कडू होत नाही. आजाऱ्याजवळ बसणाऱ्याला मात्र आपला हेतू सांगता आला नसता. सांगताक्षणी त्याच्या येण्याचा अर्थच संपला असता. कौशल्य आणि कावा यांच्यातली सीमारेषा इथे आहे. कौशल्य उघडे पडले तरी चालते. कावा उघडा पडला की संपतो.

कान्टने या विषयावर पुढे आणखी लिहिले आहे आणि ते त्याच्या कठोर प्रतिमेला न शोभणारे आहे. हा माणूस कोनिग्जबर्ग गावाच्या पंचक्रोशीबाहेर फारसा कधी गेला नाही, पण दुपारी एकट्याने जेवणे त्याला मानवत नसे. पंगतीत तिघांहून कमी आणि नवांहून जास्त माणसे नसावीत, असा त्याचा आवडता दंडक. १७९७ आणि १७९८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन ग्रंथांत त्याने आर्जव, आतिथ्य, सभ्य भाषा यांना सुट्ट्या नाण्यांची उपमा दिली आहे. समाजात वावरणारी माणसे एका अर्थी नटच असतात, पण सगळेच ते जाणून असल्यामुळे कोणी फसत नाही; आणि चांगुलपणाची भूमिका वठवता वठवता तो हळूहळू अंगी मुरतो, असे त्याला वाटे. ही नाणी हलक्या धातूची खरी, पण अजिबात नाणे नसण्यापेक्षा बरी. आणि बरीच घट सोसून का होईना, त्यांच्या बदल्यात शेवटी सोने मिळू शकते.

ही उपमा मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे बंदा रुपया वेगळा आणि खुर्दा वेगळा. अमका माणूस म्हणजे बंदा रुपया, असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्या नाण्याचा खणखणीतपणा आपल्याला अभिप्रेत असतो. पण नुसते बंदे रुपये खिशात घेऊन बाजार करता येत नाही. भाजीवालीजवळ मोड नसली की सगळा व्यवहार अडतो. 'नमस्कार', 'बरे आहात ना', 'बसा की', 'माफ करा हं' हा सारा खुर्दा आहे. प्रत्येकाला बंदा रुपया देण्याइतके प्रेम कोणाच्याच अंतःकरणात नसते. नसले म्हणून खुर्दाही देऊ नये, हे काही प्रामाणिकपणाचे लक्षण नव्हे. ती कृपणता झाली.

खुर्द्याचे सोने कसे होते, याचे उदाहरण सीमाभागातल्या माणसाला दूर शोधायला नको. बेळगावच्या रविवार पेठेत किंवा खडेबाजारात एखाद्या जुन्या दुकानी अर्धा तास उभे राहावे. चंदगडकडचा शेतकरी आला की, 'या मामा'. बैलहोंगलचा आला की, 'बर्री'. गोव्याचे कुटुंब लग्नाच्या खरेदीला आले की, 'येयात'. आणि गावातलाच मुसलमान गिऱ्हाईक आला की दखनी वळणाचे हिंदुस्थानी. गादीवरचा माणूस एका जिभेने चार घरांत वावरतो. या भाषा त्याने कोणत्याही वर्गात शिकलेल्या नसतात आणि शिकल्या त्या निव्वळ धंद्यासाठी. त्याबद्दल त्याच्या मनात संकोच नसतो, गिऱ्हाइकाच्याही नसतो. पण भाषा ही विचित्र वस्तू आहे. ती एकटी येत नाही, आपली माणसे बरोबर घेऊन येते. वीस वर्षे कन्नडमध्ये भाव सांगितल्यावर गिऱ्हाइकाच्या घरची सुखदुःखे कन्नडमध्येच कानावर येऊ लागतात. लेकीच्या लग्नाचे आमंत्रण येते, जाणे होते. ज्याची भाषा आपण हिशेबासाठी घेतली, त्याच्या घरचे मरण ऐकून एक दिवस आपल्या घशाशी आवंढा येतो. तो आवंढा धंद्याचा नसतो.

हे सांगताना बाजाराचे भाबडे चित्र रंगवण्याचा हेतू नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला. २००४ साली महाराष्ट्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या काळात दुकानांच्या फळ्या कितीदा पडल्या, पाट्यांवरून किती वाद झाले, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. आपल्या भाषेचा हक्क मागणे आणि शेजाऱ्याशी त्याच्या भाषेत बोलणे, या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी आहेत असे दोन्हीकडच्या काही मंडळींना वाटते. परंतु पहिली गोष्ट न्यायाची आहे आणि दुसरी सौजन्याची. एकाच माणसाला दोन्ही साधता येतात. लोकमान्य टिळकांचे अनुयायी आणि 'कर्नाटक केसरी' म्हणून ओळखले गेलेले गंगाधरराव देशपांडे याच मातीतले. गांधीजींनी आयुष्यात एकदाच काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद स्वीकारले, ते बेळगावला १९२४ साली, आणि त्या अधिवेशनाचे यजमानपण गंगाधररावांकडे होते. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांच्या माणसांत ते वावरले. त्यांना कोणी दुटप्पी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आता दुसरी कसोटी. ती ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात सापडते. माणसांच्या बैठकीतल्या वागण्याचा विचार करताना तो तीन प्रकारची माणसे दाखवतो. एक, सगळ्यांना सगळ्या वेळी खूश ठेवणारा. तो काही मिळवण्यासाठी तसे करत असेल तर खुशामतखोर. दुसरा, कशाचीच पर्वा न करता प्रत्येक गोष्टीत खोडा घालणारा, तिरसट. या दोन टोकांच्या मध्ये जो गुण आहे, त्याला ग्रीक भाषेत नाव नाही, असे तो नमूद करतो. तो मैत्रीसारखा दिसतो, पण त्यात मैत्रीतली माया नसते. कारण असा माणूस ओळखीच्याशी आणि अनोळख्याशी, ज्याला जसे साजेल तसे, नीटच वागतो. मराठीतही पहिल्यासाठी तोंडपुजा, लाळघोट्या आणि दुसऱ्यासाठी तिरसट, खडूस असे शब्द हाताशी आहेत; मधल्यासाठी नेमका शब्द सापडत नाही. 'माणुसकी' जवळ येते, पण तो फार मोठा शब्द आहे. आपण हा गुण कौशल्य म्हणून विकायला काढला, त्याचे एक कारण त्याला स्वतःचे नाव नाही हेही असेल. बेवारशी वस्तूवर कोणीही आपला शिक्का मारावा, तसे.

पण ॲरिस्टॉटल तिथेच थांबत नाही. आनंद देण्याने समोरच्याचे अहित होत असेल किंवा काही लाजिरवाणे घडत असेल, तर हा मधला माणूस आनंद देण्याचे नाकारील आणि थोडे दुःख द्यायलाही तयार होईल, असे तो म्हणतो. इथे खुशामतखोराहून त्याचे वेगळेपण कळते. आपल्या परंपरेतही हाच विचार दोन ठिकाणी आला आहे : रामायणात मारीच रावणाला आणि महाभारतात विदुर धृतराष्ट्राला सांगतो की, नेहमी गोड बोलणारे पुष्कळ भेटतात; कडू पण हिताचे बोलणारा दुर्मिळ आणि ते ऐकून घेणाराही तितकाच दुर्मिळ. दोन्ही ठिकाणी ऐकणाऱ्याने ऐकले नाही आणि पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गात 'नाही' कसे म्हणावे, हा एक धडा असतो. पण 'नाही' कोणासाठी म्हणायचे? बहुधा आपला वेळ वाचावा म्हणून. समोरच्याचे भले व्हावे म्हणून 'नाही' म्हणणे आणि त्यापायी त्याची मर्जी गमावणे, हा धडा कोणत्याच वर्गात नसतो, कारण त्यातून यश मिळेल अशी हमी देता येत नाही.

कडू बोलण्याचा विषय निघाल्यावर बेळगावकरांना रावसाहेब आठवल्याशिवाय राहणार नाहीत. पु. ल. देशपांडे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते, त्या काळात त्यांचा कृष्णराव हरिहर यांच्याशी स्नेह जडला आणि त्यांच्या 'गणगोत'मधून हे रावसाहेब महाराष्ट्रभर पोचले. कानडी वळणाची मराठी, लिंगवचनाची मनसोक्त मोडतोड आणि वाक्यागणिक शिवी. कार्नेगींच्या कोणत्याही कसोटीवर हा गृहस्थ साफ नापास झाला असता. तरीही माणसे त्याच्याभोवती गोळा झाली, कारण त्या शिव्यांच्या आत काय आहे, हे ऐकणाऱ्याला लगेच उमगे. पण या उदाहरणाचा एक गैरफायदाही घेतला जातो. आजकाल प्रत्येक फटकळ माणूस स्वतःला रावसाहेब समजतो. 'मी स्पष्टवक्ता आहे, मला गोड बोलता येत नाही,' असे म्हणणाऱ्यांना जरा निरखून पाहावे. त्यांचा स्पष्टपणा साहेबाच्या खोलीत शिरताना दाराबाहेर चपलांजवळ राहतो आणि बाहेर आल्यावर शिपायावर पुन्हा चढवला जातो. तोंड फटकळ असणे हा आतल्या सोन्याचा पुरावा होऊ शकत नाही.

यातून तिसरी कसोटी निघते आणि माझ्या मते ती सर्वांत कठीण आहे. आपले कौशल्य कोणत्या दिशेने वाहते? पाणी उतारावरून खाली वाहते. गोडवा मात्र बहुधा खालून वर चढतो. ज्याच्या हातात आपली बढती, आपली निविदा, आपले तिकीट आहे, त्याच्या मुलांची नावे आपल्याला पाठ असतात. रोज टेबलावर चहा ठेवणाऱ्या पोऱ्याचे नाव दहा वर्षांत विचारलेले नसते. ज्याच्याकडून काही मिळायचे नाही त्याच्यापाशी जे कौशल्य संपते, ते कौशल्य माणसांशी वागण्याचे नव्हतेच. ते सत्तेशी वागण्याचे होते.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. आर्ली हॉक्शिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली एक पुस्तक लिहिले. विमानातल्या हवाईसुंदऱ्या आणि थकलेली बिले वसूल करणारे कर्मचारी यांचा त्यांनी अभ्यास केला. एकीला सतत प्रसन्न राहण्याचा पगार मिळतो, दुसऱ्याला धाक दाखवण्याचा. हात विकणाऱ्या कामगाराप्रमाणे ही माणसे आपल्या भावना विकतात, आणि दिवसभर हसून घरी गेल्यावर आपले खरे हसू कोणते हेच कळेनासे होते, असे बाईंचे निरीक्षण. आज आपल्या गावोगावच्या मुली कापडाच्या शोरूममध्ये, बँकेच्या खिडकीपाशी, फोनवर तक्रारी ऐकण्याच्या कामावर हेच करत आहेत. दहा तास उभे राहून शंभर साड्या उलगडून दाखवायच्या, एकही न घेता उठणाऱ्या गिऱ्हाइकाला 'पुन्हा या' म्हणायचे. तिच्या हसण्यात खोटेपणा किती, हा प्रश्न विचारायचा अधिकार आपल्याला नाही. आपण तिच्याशी कसे वागलो, हा प्रश्न आधी येतो. संवादकौशल्याचे सारे शिक्षण विकणाऱ्याला दिले जाते. घेणाऱ्यासाठी कोणी एक दिवसाचाही वर्ग काढत नाही.

आता पुन्हा त्या मुलाखतीहून परतलेल्या मुलाकडे येऊ. त्याच्याजवळ कमी काय पडले? समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे सांगितली आहेत, त्यांत स्वतःची स्तुती स्वतः करणे हे एक ठळक लक्षण आहे. ज्या घरात हे संस्कार झाले, तिथला मुलगा मुलाखतीला बसतो आणि त्याला पहिलाच प्रश्न येतो : 'स्वतःबद्दल सांगा.' तो चाचरतो. आपल्याकडे वयाने मोठ्या माणसाला नावाने हाक मारणे हा उद्धटपणा. काका, मामा, अण्णा म्हटल्याशिवाय जीभ उचलत नाही. नव्या कार्यालयात मात्र पन्नाशीच्या साहेबालाही नुसत्या नावाने हाक मारायची असते. तो अडखळतो आणि समोरच्या कागदावर शेरा पडतो. त्याला माणसांत वागता येत नाही असे नाही. जत्रेच्या वेळी पन्नास पाहुण्यांची उठबस त्याने केलेली असते, भाऊबंदकीत दोन घरांमधला निरोप्या म्हणून तो शहाणपणाने वागलेला असतो. त्याला येत नाही ती एका विशिष्ट वर्गाची, शहरी घरांची बोलण्याची रीत. रीत न येणे म्हणजे गुण नसणे असे समजणारा परीक्षक अन्याय करतो. दुसऱ्याला समजून घेण्याचे कौशल्य त्याच्याच अंगी नाही, असे म्हणावे लागते.

म्हणून त्या मुलाला मी सांगेन की, बाळा, हे शीक. पण रविवार पेठेतला दुकानदार कन्नड शिकला, तसे शीक. परकी भाषा म्हणून शीक, लाज न बाळगता शीक, आणि ती शिकताना आपली मायबोली हलकी आहे असे मानू नकोस. डोळ्यांत पाहून बोलणे, समोरच्याचे वाक्य पुरे होऊ देणे, आपले काम नेमक्या शब्दांत सांगणे यांत कसलेही ढोंग नाही. कुठल्याही भाषेत जशा शिव्या असतात आणि आशीर्वादही असतात, तसेच या कौशल्याचे आहे. त्यातले काय उचलायचे, ते शिकणाऱ्याने ठरवायचे असते. आणि त्याच्या वडिलांना सांगेन की, पोराचे गोड बोलणे ऐकून लगेच कपाळाला आठी घालू नका. तो रिक्षावाल्याशी, धाकट्या बहिणीशी, म्हाताऱ्या आत्याशी कसा बोलतो, ते पाहा. तिथेही तेच बोलणे पोचत असेल, तर काळजीचे कारण नाही.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात 'लोकसंग्रह' हा शब्द येतो. शंकराचार्यांनी त्याचा अर्थ लोकांना भलत्या वाटेला जाण्यापासून परावृत्त करणे असा केला. टिळकांनी १९१५ च्या 'गीतारहस्या'त या शब्दाभोवती कर्मयोगाचा मोठा विचार उभा केला. आता 'त्यांचा लोकसंग्रह दांडगा आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा त्यांच्या ओळखी पुष्कळ आहेत, कामे होतात, एवढेच सांगायचे असते. शब्दांचीही नाणी झिजतात. पण झिजलेल्या नाण्यावर मूळचा छाप पुसटसा राहतोच. लोकांचा संग्रह लोकांसाठी करायचा होता, एवढे तो छाप अजून सांगतो.

कान्टच्या शेवटच्या दिवसांतली एक हकीकत त्याच्या निकटवर्तीयांनी नोंदवून ठेवली आहे. १८०४ सालच्या फेब्रुवारीत, मृत्यूच्या काही दिवस आधी, त्याचा वैद्य त्याला पाहायला आला. ऐंशीच्या उंबरठ्यावरचा, जवळजवळ दृष्टी गेलेला तो म्हातारा थरथरत उठून उभा राहिला आणि काही केल्या खाली बसेना. वैद्याला कळेना. मग सोबतच्या माणसाच्या ध्यानात आले की, पाहुणा आधी बसल्याखेरीज यजमान बसणार नाही. वैद्य खुर्चीवर बसला, तेव्हा कान्ट बसला. आयुष्यभर ज्या शिष्टाचारांना त्याने हलक्या धातूची नाणी म्हटले, त्यांतलेच हे एक. त्यातून आता त्याला काहीच मिळायचे नव्हते. बढती नाही, कीर्ती नाही, फार दिवसांचे आयुष्यही नाही. नाणे तेच होते, पण इतकी वर्षे हातात राहून त्याचा धातू पालटला होता.